‘ताओ’ म्हणजे वाट, पण कुठली?

इ.स. ६४७ची गोष्ट. चीनच्या थांग घराण्यातल्या सम्राट थाईत्सुंगने एका बौद्ध भिक्खूवर काम सोपवलं: ताओवादाचा मूळ पुरुष मानल्या जाणाऱ्या लाओत्सेचा ‘ताओ ते चिंग’ हा ग्रंथ संस्कृतात आणायचा. कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या राजाकडून तशी मागणी आली होती. तो भिक्खू म्हणजे युआन श्वांग, आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला ह्यूएन त्संग. भारतातला लांबलचक प्रवास संपवून तो दोनच वर्षांपूर्वी घरी परतला होता. नालंदेत शिकला होता, पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने आपल्याबद्दल लिहून ठेवलंय.

काम सुरू झालं आणि गाडी पहिल्याच शब्दावर अडली. ‘ताओ’ला संस्कृतात काय म्हणायचं? सोबतीला दिलेले ताओवादी पंडित म्हणाले, ‘बोधि’ म्हणा. जुन्या चिनी भाषांतरकारांनी ‘बोधि’साठी ‘ताओ’ हाच शब्द वापरला होता, तेव्हा उलट दिशेनेही तेच चालेल, असा त्यांचा हिशेब. युआन श्वांग ऐकेना. त्याचं म्हणणं, बोधि म्हणजे जाणणं, जागं होणं. ताओ म्हणजे रस्ता, आणि रस्त्याला संस्कृतात ‘मार्ग’ म्हणतात. वाद बरेच दिवस रंगला. ते भाषांतर आज कुठेही सापडत नाही, भांडणाची हकिकत मात्र टिकली.

मला या भांडणात दोघांचंही थोडं थोडं पटतं. शब्दापुरतं पाहिलं तर युआन श्वांग बरोबर होता: ‘ताओ’ या चिनी शब्दाचा रोजच्या वापरातला अर्थ वाट, रस्ता. पण समोरच्यांची तक्रारही खोटी नव्हती. ‘मार्ग’ म्हटलं की आपण लगेच विचारतो, मार्ग कुठे जाणारा? मोक्षाला? निर्वाणाला? लाओत्सेचा रस्ता मात्र कुठे जाण्यासाठी नाही. नदीचं पाणी ज्या वाटेने वाहतं ती वाट पाण्याने कुठे पोहोचावं म्हणून कुणी आखलेली नसते, तशातली ही वाट आहे.

आता उच्चाराचं. ‘ताओ’ म्हणायचं की ‘दाओ’? आजच्या चिनी रोमन लिपीत हा शब्द ‘द’ दाखवणाऱ्या अक्षराने लिहितात, म्हणून हल्ली बरेच जण ‘दाओ’ म्हणतात आणि ‘ताओ’वाल्यांना जुनाट ठरवतात. पण मूळ चिनी उच्चारात जे व्यंजन आहे ते अघोष आणि अल्पप्राण, म्हणजे जवळजवळ आपला ‘त’. इंग्रजांची अडचण अशी की शब्दाच्या सुरुवातीचा ‘त’ त्यांच्या तोंडी हवेचा झोत घेऊन येतो. त, थ, द, ध असे चारही वेगळे ठेवणाऱ्या मराठी माणसाला ही अडचण नाही. तेव्हा बिनधास्त ‘ताओ’ म्हणा.

हा शब्द ताओवाद्यांनी शोधलेलाही नाही. इ.स.पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकात चीनमध्ये अनेक राज्यं एकमेकांचे गळे धरून होती. हा काळ ‘युद्धरत राज्यांचा काळ’ म्हणूनच ओळखला जातो. राजे सल्लागार शोधत होते, विचारवंत राजे शोधत फिरत होते आणि प्रत्येकाच्या झोळीत स्वतःचा एक ताओ होता: राज्य चालवण्याची रीत, जगण्याची पद्धत. कन्फ्यूशियसही (इ.स.पू. ५५१ ते ४७९) ताओबद्दल बोलतो. त्याच्यासाठी ती माणसांनी, विशेषतः जुन्या आदर्श राजांनी घालून दिलेली वाट: वडीलधाऱ्यांचा मान, विधी, रीतिरिवाज, माणुसकी. मराठीत ‘पंथ’ हा शब्द जसा वाट आणि संप्रदाय असा दोन्हीकडे चालतो, तसंच काहीसं.

लाओत्सेच्या नावावरच्या ग्रंथाने या शब्दाला उचलून थेट आकाशापलीकडे नेलं. ताओ ही माणसांची रीत नाही, म्हणाला. आकाश आणि पृथ्वी होण्याआधी काहीतरी होतं, निःशब्द, एकटं, न बदलणारं. त्याचं नाव मला माहीत नाही; काहीतरी म्हणायचं म्हणून ‘ताओ’ म्हणतो.

आणि हा लाओत्से कोण? नावाचा अर्थ नुसता ‘म्हातारा गुरू’. सगळ्यात जुनं चरित्र सिमा छ्येन या इतिहासकाराने इ.स.पू. १००च्या आसपास लिहिलं. त्यात तो चौ राजघराण्याच्या दरबारातला, दप्तरखान्यातला अधिकारी आहे. कन्फ्यूशियस त्याला भेटायला येतो आणि बोलणी खाऊन परत जातो. मग राज्याची पडझड पाहून म्हातारा पश्चिमेकडे निघून जातो. खिंडीतला नाकेदार त्याला अडवतो आणि म्हणतो, जाताय तर निदान काही लिहून ठेवा. म्हातारा पाच हजार अक्षरांचा मजकूर लिहून देतो आणि निघून जातो. पुढे त्याचं काय झालं, कुणालाच माहीत नाही. नंतरच्या चित्रांत तो म्हशीच्या पाठीवर बसलेला दिसतो.

गोष्ट सुरेख आहे, पण सिमा छ्येनचाच तिच्यावर पुरता भरवसा नव्हता. त्याच चरित्रात त्याने आणखी दोन उमेदवार नोंदवले आणि यातला खरा कोण ते सांगता येत नाही, असं कबूलही केलं. आजचे बहुतेक अभ्यासक हा ग्रंथ एका माणसाचा मानत नाहीत. तोंडोतोंडी चालत आलेली वचनं हळूहळू गोळा होत गेली असावीत.

याला जमिनीतून पुरावाही मिळाला. १९७३ साली हुनान प्रांतात मावांगत्वेई इथे इ.स.पू. १६८मध्ये बंद केलेल्या एका कबरीत या ग्रंथाच्या रेशमावर लिहिलेल्या दोन प्रती सापडल्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत; प्रचलित प्रतीत दुसरा असणारा भाग या प्रतींत आधी येतो. मग १९९३ साली हुबेई प्रांतात क्वोत्येन इथल्या कबरीतून बांबूच्या पट्ट्या निघाल्या, साधारण इ.स.पू. ३००च्या. त्यांत आजच्या ग्रंथाचा जेमतेम दोन पंचमांश मजकूर आहे आणि क्रम वेगळाच. आणखी एक गंमत. प्रचलित प्रतीत एके ठिकाणी कन्फ्यूशियसच्या लाडक्या सद्‌गुणांवर, माणुसकी आणि न्यायबुद्धीवर, सरळ हल्ला आहे: टाकून द्या त्यांना. बांबूच्या पट्ट्यांत त्या जागी हा हल्ला नाही, दुसरंच काही टाकायला सांगितलंय. म्हणजे ताओवादी आणि कन्फ्यूशियसवादी असं जे हाडवैर आपण वाचतो, त्याची धार बहुधा नंतर चढली.

पाच हजार अक्षरांत काय आहे

‘ताओ ते चिंग’मध्ये ८१ छोटी प्रकरणं आहेत. सलग वाचायला बसलात तर तासाभरात संपतील, पण मग हाताला काही लागणार नाही. पहिलीच ओळ डोकं धरायला लावते. चिनीत ‘ताओ’चा एक अर्थ ‘बोलणं’ असाही आहे. त्यामुळे सहा अक्षरांच्या त्या ओळीत तीनदा ‘ताओ’ येतो आणि अर्थ साधारण असा निघतो: जो ताओ बोलून दाखवता येतो, तो कायमचा ताओ नव्हे. एवढं सांगून पुढे पाच हजार अक्षरं तो बोलतोच, ही कोटी चीनमधल्या कवींनीही करून झाली आहे.

मराठी वाचकाला इथे पटकन ‘नेति नेति’ आणि निर्गुण ब्रह्म आठवतं. आठवू द्यावं, पण तिथेच थांबू नये. दोन्हीकडे शब्द अपुरे पडतात, इथवर साम्य खरं. पण जग ही माया आहे, ते बाजूला सारलं की मागे खरं तत्त्व सापडेल, असं लाओत्से म्हणत नाही. त्याच्यासाठी डोंगर, दरी, बाळ, पाणी हे सगळं पुरतं खरं आहे आणि ताओ त्यांच्यातूनच चालतो. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायची घाईही या ग्रंथात नाही, कारण तो फेराच नाही. पुनर्जन्माची कल्पना चीनमध्ये रुजली ती नंतर, बौद्धांसोबत. ताओच्या वाटेने जाणाऱ्याला या देहातून सुटायचं नव्हतं. उलट हा देह जमेल तितका जास्त टिकवायचा होता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

‘ते’ म्हणजे प्रत्येक वस्तूला ताओकडून मिळालेला तिचा गुण, तिचं सत्त्व. मिरचीचा तिखटपणा, पाण्याचं उताराकडे जाणं. आणि ‘त्सरान’ हा शब्द आज चिनीत ‘निसर्ग’ या अर्थाने वापरतात, पण फोड केली तर निघतं ‘स्वतःहून तसं’. मराठीत यासाठी एक चपखल शब्द आहे: आपसूक. माणूस पृथ्वीला पाहून चालतो, पृथ्वी आकाशाला, आकाश ताओला आणि ताओ? तो कुणाला पाहून चालत नाही, त्याचं सगळं आपसूक.

यातूनच येतो ‘वू वेई’, या परंपरेतला सगळ्यात गाजलेला आणि सगळ्यात चुकीचा समजलेला शब्द. शब्दशः ‘न करणं’. म्हणून लोकांना वाटतं, खाटेवर पडून राहायचं तत्त्वज्ञान. तसं असतं तर कुठल्या राजाने ऐकलं असतं? वू वेई म्हणजे जबरदस्ती न करणं. गोष्टीच्या कलाने घेणं.

सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट आहे. रोपं वाढत नाहीत म्हणून तो काळजीत पडला, मग शेतात जाऊन एकेक रोप थोडं थोडं वर ओढून आला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, आज दमलो बुवा, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात गेला तर सगळी रोपं माना टाकलेली. वू वेई समजावायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही, आणि मजा म्हणजे ही गोष्ट ताओवाद्यांची नाहीच. ती मेंगत्सेची, म्हणजे कन्फ्यूशियसच्या गोटातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची. भिंती दिसतात तेवढ्या उंच नव्हत्या.

गीतेशी तुलना होतेच, म्हणून सांगतो. गीता म्हणते, तुझं विहित कर्म कर, फळावर डोळा ठेवू नकोस. तिथे प्रश्न मनातल्या आसक्तीचा आहे. कर्म कोणतं, ते ठरलेलं आहे. वू वेईचा प्रश्न जास्त साधा आणि थोडा वात्रट आहे: हे करायची खरंच गरज आहे का? आणि असेल, तर एवढा जोर का लावतोयस?

ग्रंथातल्या प्रतिमा घरगुती आहेत. चाकाला तीस आरे असतात, पण गाडी चालते ती मधल्या पोकळीमुळे. मातीचं भांडं घडवतात, उपयोगाची असते ती आतली रिकामी जागा. मोठं राज्य चालवणं म्हणजे छोटे मासे शिजवणं: सारखं ढवळू नये. मांदेली तव्यावर टाकून क्षणाक्षणाला उलटत बसलं की काय हाती उरतं, ते कोकणात वेगळं सांगायला नको. आणि मग पाणी. पाणी सगळ्यांना पोसतं, कुणाशी झगडत नाही, लोक नाक मुरडतात त्या सखल जागी जाऊन बसतं, आणि दगड झिजवायचं काम मात्र त्याच्याइतकं कुणालाच जमत नाही.

पण हा ग्रंथ सुविचारांची वही करून भिंतीवर लावणाऱ्यांनी त्यातला राजकारणाचा भागही वाचावा. उत्तम राजा कसा? जो आहे एवढंच लोकांना माहीत असतं. काम झालं की लोक म्हणतात, आम्ही आपसूक केलं. छान. पण त्याच ग्रंथात असंही आहे की राजाने लोकांची मनं रिकामी आणि पोटं भरलेली ठेवावीत, त्यांना फार कळू देऊ नये. आदर्श देश इतका लहान की शेजारच्या देशातले कोंबडे आरवलेले आणि कुत्रे भुंकलेले ऐकू यावेत, तरी लोकांनी म्हातारे होऊन मरेपर्यंत तिकडे फिरकू नये. काहींना यात शांत खेडं दिसतं. मला कधी कधी कुंपण दिसतं.

च्वांगत्से, म्हणजे मजेदार माणूस

लाओत्से वाचताना माणूस गंभीर होतो, च्वांगत्से वाचताना हसू येतं. हा माणूस इ.स.पू. चौथ्या शतकात खरोखर होऊन गेला, याबद्दल फारशी शंका नाही. त्याच्या नावाच्या ग्रंथात आज ३३ प्रकरणं आहेत. त्यांतली पहिली सात त्याच्या स्वतःच्या हातची मानली जातात, बाकीची मागाहून आलेल्यांची.

एकदा तो नदीवर गळ टाकून बसला होता. छू राज्याचे दोन अधिकारी आले: महाराजांनी राज्यकारभार तुमच्या हाती द्यायचं ठरवलंय. गळावरची नजर न काढता हा म्हणाला, तुमच्याकडे तीन हजार वर्षांपूर्वी मेलेलं एक पवित्र कासव आहे म्हणे. महाराजांनी ते रेशमात गुंडाळून देवघरात ठेवलंय. त्या कासवाला काय आवडलं असतं? मरून पुजलं जाणं, की जिवंत राहून चिखलात शेपूट ओढत फिरणं? अधिकारी म्हणाले, चिखलात फिरणं. मग जा तुम्ही, हा म्हणाला, मीही चिखलातच शेपूट ओढत राहीन.

फुलपाखराचं स्वप्न बहुतेकांनी ऐकलेलं असतं, ते सोडतो. खाटकाची गोष्ट मात्र सोडता येणार नाही, कारण वू वेई प्रत्यक्षात कसं दिसतं ते तीत आहे.

तिंग नावाचा आचारी राजासाठी बैल कापत होता. हात, खांदा, पाय, गुडघा सगळं असं तालात चाललेलं की जणू नाच. राजा थक्क झाला: कौशल्य इथवर जातं? तिंगने सुरा खाली ठेवला. म्हणाला, सुरुवातीला मला समोर अख्खा बैल दिसायचा. तीन वर्षांनी अख्खा बैल दिसेनासा झाला. आता मी डोळ्यांनी पाहतच नाही. साधा आचारी दर महिन्याला सुरा बदलतो, कारण तो हाडांवर घाव घालतो. चांगला आचारी वर्षाला बदलतो, कारण तो कापतो. माझा सुरा एकोणीस वर्षांचा आहे, हजारो बैल कापलेत, आणि धार अजून आत्ता सहाणेवरून काढल्यासारखी. सांध्यांमध्ये फट असते. सुऱ्याच्या पात्याला जाडी नसते. जाडी नसलेली गोष्ट फटीत घातली तर तिला फिरायला ऐसपैस जागा मिळते.

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती फुशारकी झाली असती. पण तिंग पुढे सांगतो: तरीही जिथे गुंता असतो तिथे पोहोचलो की मी सावध होतो, नजर स्थिर करतो, हात हळू करतो, सुरा अगदी किंचित हलवतो, आणि मग धाडकन ढेकूळ सुटून पडावं तसा तो भाग सुटतो. म्हणजे आपसूक म्हणजे विनासायास नव्हे. एकोणीस वर्षं जाऊ द्यावी लागतात. तबल्यावर बसलेला कसलेला हात, किंवा न पाहता विळीवर मेथी चिरणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे अवघड वाटू नये. राजाही म्हणाला, वा, जगणं कसं सांभाळायचं ते आज मला कळलं.

आणखी एक, छोटीशी. मधल्या देशाचा सम्राट हुनतुन याला ना डोळे, ना कान, ना तोंड, नुसता गोळा. पण पाहुण्यांचं तो फार प्रेमाने करायचा. उत्तर आणि दक्षिण समुद्राच्या सम्राटांना वाटलं, याचे उपकार फेडले पाहिजेत. पाहायला, ऐकायला, खायला, श्वास घ्यायला सगळ्यांना सात छिद्रं असतात, याला एकही नाही. चला, पाडून देऊ. रोज एक छिद्र पाडत गेले. सातव्या दिवशी हुनतुन मेला. च्वांगत्से यावर एक शब्दही बोलत नाही.

मग ते पुजारी आणि देव कुठून आले?

इथवर वाचून जो तैवानमधल्या किंवा सिंगापूरमधल्या ताओ मंदिरात जाईल तो गोंधळून जाईल. उदबत्त्यांचा धूर, सोनेरी मूर्ती, भरजरी झगे घातलेले पुरोहित, घंटा, झांजा, मंत्र. सगळ्यांत वर ‘तीन निर्मळ’ नावाची त्रयी, आणि त्यांतला एक चक्क देव झालेला लाओत्से. खाली जेड सम्राट, स्वर्गाचा राजा, आणि त्याच्या हाताखाली खालपासून वरपर्यंत देवांचं अख्खं सरकार: खाती, हुद्दे, शिक्के. पुरोहित देवाला नुसती प्रार्थना करत नाही, रीतसर अर्ज लिहितो, त्यावर शिक्का मारतो आणि तो जाळून वर पोहोचवतो. घराघरातल्या चुलीचा देवही याच व्यवस्थेतला. वर्षाच्या शेवटी तो घरच्यांच्या वागण्याचा अहवाल द्यायला वर जातो, म्हणून निघण्याआधी त्याच्या तोंडाला काहीतरी गोड, चिकट लावतात. गोड बोलेल, नाहीतर तोंडच उघडणार नाही.

पाश्चात्त्य अभ्यासकांनी बराच काळ यावर नाक मुरडलं: लाओत्से आणि च्वांगत्से हे शुद्ध तत्त्वज्ञान, बाकी सगळी त्याची बिघडलेली, अंधश्रद्ध आवृत्ती. ओशोंच्या प्रवचनांतून लाओत्से भेटलेल्या आपल्याकडच्या अनेकांचीही तीच समजूत असते. मला ही वाटणी सोयीची वाटते, खरी नाही. ज्यांनी हे ग्रंथ दोन हजार वर्षं जपले, पाठ केले, त्यांवर टीका लिहिल्या, त्यांत हे पुरोहित आणि साधक मोठ्या संख्येने होते. ज्ञानेश्वरी खरी आणि वारी म्हणजे नंतरची भेसळ, असं कुणी म्हणालं तर आपल्याला कसं वाटेल?

दोन्हींना बांधणारा धागा आहे देह. ताओ सगळ्यातून वाहतो, तो वाहतो ‘छी’च्या रूपात: श्वास, वाफ, प्राण, जे म्हणाल ते. तोच डोंगरात, तोच हवेत, तोच पोटात. छीच्या दोन अवस्था म्हणजे यिन आणि यांग. मूळ अर्थ फार साधा: डोंगराची सावलीकडची बाजू आणि उन्हाकडची बाजू. डोंगर एकच, आणि दिवस कलला की बाजू बदलतात. (हा शब्द ताओवाद्यांच्या मालकीचा नाही, ‘ताओ ते चिंग’मध्ये तो फक्त एकदाच येतो. काळ्यापांढऱ्या माशांचं ते गोल चिन्ह तर कित्येक शतकांनंतरचं.) आता, देह हे छोटं विश्व असेल आणि छी अडू न देता वाहती ठेवता आली, तर देह का संपावा?

या प्रश्नापायी पिढ्यान्‌पिढ्या खपल्या. श्वासाचे अभ्यास, आहाराचे नियम, ध्यान, आणि किमया. चौथ्या शतकातला किमयागार को हुंग हिंगुळापासून, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजापासून, अमरत्वाची गोळी बनवण्याच्या कृती लिहून ठेवतो. थांग सम्राटांना या गोळ्यांचं भारी वेड. त्यांचं आडनाव ली, परंपरेने लाओत्सेचंही आडनाव ली, म्हणून ते स्वतःला त्याचे वंशज म्हणवायचे. कामरूपला ग्रंथ पाठवण्याची हौसही बहुधा त्यातूनच आली. यांच्यातला सम्राट वूत्सुंग ८४६ साली अशाच गोळ्यांपायी गेला. अमर व्हायला पारा खायचा, हा वू वेई नव्हे. ही रोपं ओढायचीच तऱ्हा.

या भट्ट्यांमधून एक वेगळीच वस्तू निघाली. नवव्या शतकाच्या मध्यावरचा एक ताओवादी ग्रंथ बजावतो की गंधक, मनशीळ, सोरा आणि मध एकत्र तापवू नका. काहींनी तसं केलं, त्यांचे हात आणि चेहरे भाजले आणि घरही जळलं. बंदुकीच्या दारूची ही फार जुनी खूण. चिनीत तिला आजही म्हणतात ‘आगीचं औषध’. आपल्या ‘दारूगोळ्या’तला ‘दारू’ हा फारसी शब्द, आणि त्याचाही मूळ अर्थ औषधच.

पुढे बाहेरची भट्टी मागे पडली आणि साधक म्हणू लागले की भट्टी देहातच आहे. बाराव्या शतकात वांग छुंगयांगने छ्वेनचेन नावाचा संन्यासी पंथ काढला: ब्रह्मचर्य, मठ, ध्यान. पेइचिंगमधला ‘पांढऱ्या ढगाचा मठ’ त्यांचाच. दुसरा मोठा पंथ चंगयी, त्यातले पुरोहित लग्न करतात, गावात राहतात, बारसं ते तेरावं म्हणावं तसं सगळं पाहतात. वांगचा शिष्य छ्यू छुजी सत्तरी ओलांडलेला असताना चंगीझ खानाने त्याला बोलावून घेतलं. म्हातारा चीनमधून निघून १२२२ साली हिंदुकुशच्या बाजूला असलेल्या छावणीत पोहोचला. खानाने पहिलाच प्रश्न टाकला: अमरत्वाचं कोणतं औषध आणलंस? छ्यू म्हणाला, आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, अमरत्वाचं औषध नाही. त्या काळी त्या माणसापुढे हे बोलायला छाती लागत असेल. खानाला ते खरेपण आवडलं, त्याने त्याला मान दिला आणि त्याच्या पंथाला करमाफी.

त्यानंतरचं भरभर सांगतो. १४४५ साली मिंग राजवटीत ताओ ग्रंथांचा मोठा संग्रह छापला गेला, जवळपास दीड हजार ग्रंथांचा. विसाव्या शतकात सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत (१९६६ ते १९७६) मंदिरं फोडली गेली, साधूंना घरी किंवा शेतावर पाठवलं गेलं. १९८०नंतर पुन्हा दारं उघडली. आज चीनमध्ये सरकारमान्य पाच धर्मांत ताओ धर्म आहे.

सगळ्यांत शेवटी सुरुवातीची गोष्ट, मुद्दाम मागे ठेवलेली. हा संघटित धर्म सुरू झाला तो चीनच्या नैर्ऋत्येला, सिचुआनमध्ये. परंपरा सांगते की इ.स. १४२ साली हमिंग पर्वतावर चांग ताओलिंग नावाच्या माणसाला लाओत्सेने दर्शन दिलं, देव म्हणून. हान साम्राज्य तेव्हा आतून पोखरलेलं होतं. चांगच्या अनुयायांनी वर्गणी म्हणून पाच पायल्या तांदूळ द्यायचे, म्हणून बाहेरचे त्यांना ‘पाच पायलीवाले’ म्हणून हिणवायचे. त्याचा नातू चांग लू याच्या वेळेपर्यंत हानचुंगच्या खोऱ्यात या लोकांचं स्वतःचं राज्यच उभं राहिलं. २१५ साली हान दरबारातला बलाढ्य सेनापती त्साव त्साव याच्या फौजेपुढे शरण जाईपर्यंत ते टिकलं.

विरोधकांनी आणि इतिहासकारांनी लिहून ठेवलेल्या नोंदींतून त्या राज्याचं थोडं चित्र मिळतं. रस्त्यावर ठिकठिकाणी धर्मशाळा होत्या, आत तांदूळ आणि मांस टांगलेलं. वाटसरूने पोटापुरतं घ्यावं, जास्त घेतलं तर भुतं आजारी पाडतील. आजार म्हणजे केलेल्या चुकीची खूण, म्हणून आजाऱ्याला एकांत खोलीत बसवून चूक आठवायला लावायचे. मग कबुली तीन प्रतींत लिहायची: एक आकाशासाठी डोंगरावर ठेवायची, एक पृथ्वीसाठी पुरायची, एक पाण्यासाठी बुडवायची. लोकांना पाच हजार अक्षरांचा तो ग्रंथ शिकवायचे. गुन्हा केलेल्याला तीनदा माफ करायचे, चौथ्यांदा शिक्षा. आणि किरकोळ चूक असेल तर प्रायश्चित्त एवढंच, की रस्त्याची शंभर पावलं दुरुस्त करायची, मग चूक पुसली. त्या जुन्या नोंदीत ‘रस्ता दुरुस्त करणं’ हे दोन चिनी अक्षरांत लिहिलंय. पहिलं ‘नीट करणं’. दुसरं ‘ताओ’.